शालनताईंचा गुरुवार

पुण्याच्या एका डिझाइन कॉलेजातून आमच्या ऑफिसला फॉर्म आला होता. शालनताईंना तिथे मुलांसमोर बोलायला बोलावलं होतं, आणि त्याआधी तो भरून पाठवायचा होता. नाव, अनुभव, कामाचं स्वरूप हे रकाने मी अर्ध्या तासात भरले. शेवटचा रकाना मात्र मला भरता येण्यासारखा नव्हता. 'तुमचे पाच आवडते कलावंत आणि प्रेरणास्थानं,' असं वर छापलं होतं आणि खाली पाच रिकाम्या ओळी होत्या.

शालनताईंनी फॉर्म हात लांब करून वाचला, परत माझ्यापुढे टाकला आणि म्हणाल्या, "लिव."

मी पेन उघडलं.

"एक. लक्ष्मीपुरीतली भाजीवाली बनूआक्का. दोन. मुबारक पेंटर, ट्रॉलीवाला. तीन. म्हशी सजवणारा तात्या गवळी. चार. हौसाबाई, गडमुडशिंगी." मग त्या थांबल्या. "पाचवी वळ मोकळी ठेव. अजून शोधायलोय."

"ताई, त्यांना चित्रकार हवे असतील. मोठे. पुस्तकातले."

"मग मी काय हलवाई सांगितले?"

मी चार नावं लिहिली आणि फॉर्म पाठवला. आठ दिवसांनी कॉलेजचं उत्तर आलं, की या कलावंतांच्या कामाच्या लिंक पाठवाव्यात. मी कळवलं, की लिंक नाहीत, पत्ते आहेत. सकाळी अकराच्या आत आल्यास भेट होईल.

शालनताई गेल्या, त्याला येत्या पाडव्याला दोन वर्षं होतील. परवा आमच्याकडे एक नवीन मुलगी डिझायनर म्हणून लागली. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "मॅडम, इथे रेफरन्सचं फोल्डर कुठं असतं?" मी तिला शालनताईंचं कपाट दाखवलं आणि नंतर दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आमचं ऑफिस कोल्हापुरात, शाहूपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. खोकी, पाकिटं, लेबलं यांची डिझाइनं आम्ही करतो. चटणी, गूळ, फराळ, उदबत्ती, कोंबडीखाद्य, जे येईल ते. मी तिथे कामांची आखणी बघते. कोणतं काम कोणाकडे, कधी द्यायचं, छपाईला कधी जायचं, याच्या याद्या करणं हेच माझं काम, आणि खरं सांगायचं तर स्वभावही. घरी फ्रिजवर यादी असते, पर्समध्ये यादी असते. शालनताई मला पहिल्या आठवड्यापासून 'यादीबाई' म्हणायच्या. माझं नाव सुनंदा आहे, हे त्यांना बहुतेक माझ्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेवरच कळलं असावं.

त्या माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या होत्या. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट का, असं कोणी विचारलं, तर म्हणायच्या, "गाडीचा ब्रेक चपलीला ऐकत न्हाय." कोल्हापुरातल्या जुन्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल 'मी आलो, मी जातो' असंच बोलायच्या. बोलणं मोठ्याने. त्या फोनवर असल्या की खालच्या मजल्यावरचे डॉक्टर पेशंटला थोडं थांबायला सांगायचे.

सुरुवात त्यांनी लग्नपत्रिकांच्या छापखान्यात केली होती. गणपतीची चित्रं कापून चिकटवायची, अक्षरं जुळवायची. चाळिशीत कॉम्प्युटर शिकल्या. पण नवीन डिझाइन पडद्यावर बघून 'झालं' असं त्यांनी कधी म्हटलं नाही. ते छापून काढायचं, कात्रीने कापायचं, घडी घालून खोकं जोडायचं, पॅसेजच्या टोकाला स्टुलावर ठेवायचं आणि मागे मागे जात एक डोळा मिटून बघायचं. ग्राहक आला असेल, तर त्यालाही दंडाला धरून मागे न्यायच्या. "दहा पावलं मागं जा आणि मग बोल. गिऱ्हाईक काय तुमच्या मांडीवर बसून बघणार हाय?" एक भारदस्त तेलवाले असे मागे जाता जाता थेट जिन्यात गेले होते. तिथून त्यांना आपलं लेबल आवडलं.

त्यांच्या कपाटात सहा ड्रॉवर होते. काडेपेट्या, फटाक्यांची वेष्टनं, विडीच्या बंडलांवरचे कागद, सुताच्या रिळांवरची गोल लेबलं, कुस्तीच्या मैदानाची हँडबिलं, साखरेच्या पोत्यांचे तुकडे. एका मे महिन्यात मी दोन दिवस खर्चून ते सगळं वर्गवारीने लावलं. प्रत्येक ड्रॉवरला चिठ्ठी चिकटवली, यादी टाइप करून दारावर लावली. सोमवारी बघते, तर सगळं पुन्हा एकत्र.

"ताई, मी दोन दिवस घालवले."

"लई छान लावलंस. पण काडेपेटीशेजारी काडेपेटी ठेवली, की दोघी गप बसतात. कुस्तीशेजारी उदबत्ती ठेव. भांडूदेत. मग काय तरी निघतंय."

ही भांडणं लावायला त्या दर गुरुवारी बाहेर पडायच्या. पूर्वीच्या छापखान्यात गुरुवारी वीज नसायची, म्हणून तो दिवस मोकळा मिळायचा. वीज आली, छापखाना सुटला, पण गुरुवार राहिला. सकाळी आठला स्कूटरवरून निघायचं आणि दीड वाजता ऑफिसात यायचं. याला त्या 'फेरी' म्हणायच्या. फेरीत त्या आपल्या चार कलावंतांना भेटायच्या आणि चालू काम त्यांच्यासमोर ठेवायच्या. माझ्या आखणीत गुरुवारची सकाळ त्यांच्या नावापुढे कोरी असायची, आणि कोरा रकाना मला फार सलतो.

कॉलेजला पत्त्यांबरोबर पूर्ण नावंही कळवावीत, म्हणून मी एकदा त्यांच्या मागे स्कूटरवर बसले. हातात डायरी.

पहिली बनूआक्का. लक्ष्मीपुरीच्या मंडईत कोपऱ्यावर त्यांची बसायची जागा. शालनताई समोर उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. मीही बघितलं. वांगी, मिरच्या, टोमॅटो, लिंबं. मंडईत असतात तशी.

"घ्यायचं हाय, का निस्तं बघायचं?" बनूआक्कांनी मला विचारलं.

"आक्का, आज तांबडं मागं का गं टाकलंस?" शालनताई म्हणाल्या.

"टमाटं महागलंय. महागाचा माल म्होरं ठेवला, की माणूस भाव विचारून जातंय. मागं ठेवला, की वाकून हात लावतंय. हात लावला, की घेतंय."

"आणि वांग्यात लिंबू?"

"एकच ठेवायचं. दोन ठेवली, की लिंबाचं दुकान वाटतंय."

शालनताईंनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी आता काहीतरी मोठं ऐकलं. मी डायरी उघडून विचारलं, "आक्का, पूर्ण नाव काय तुमचं?"

"कशाला? रेशनला नाव लावतीयास?"

पूर्ण नाव मिळालं नाही. अर्धा किलो वांगी मिळाली. दर गुरुवारी त्या अर्धा किलो वांगी घ्यायच्याच, कारण नुसतं बघून जाणं त्यांना बरं दिसायचं नाही. शुक्रवारी ऑफिसात डब्याला भरली वांगी, हे आमच्याकडे ठरून गेलं होतं. पुढं पुण्याच्या त्या भाषणाला त्या एक पिशवी वांगी आणि एक लिंबू घेऊन गेल्या, आणि जांभळ्यावर पिवळं किती पुरतं हे पोरांना तासभर दाखवत बसल्या. येताना वांगी तिथल्या मेसला देऊन आल्या.

दुसरे मुबारक पेंटर. गडमुडशिंगीच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या बनवणारं एक वर्कशॉप आहे, तिथे ते ट्रॉलीच्या मागच्या फळीवर नावं रंगवतात. वय साठीच्या पुढं, बोटं कायम पिवळी. शालनताईंनी पिशवीतून एका गुळाच्या पाकिटाचं डिझाइन काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते ट्रॉलीच्या चाकाला टेकवून ठेवलं, लांब जाऊन बघितलं, परत आले आणि दोन अक्षरांच्या मधे अंगठा ठेवला.

"ताई, हितं श्वास अडकतोय."

"मशीननं सारखं अंतर दिलंय, चाचा."

"मशीनला काय म्हाईत. 'ळ' पोट सुटलेला गडी हाय, त्याला जरा जागा द्या. 'र' काय, कडेवर सुद्धा बसतंय." मग ब्रश डब्यात बुडवत म्हणाले, "ट्रॉली पळत असत्या. मागनं येणाऱ्याला एका नजरेत वाचाय पायजे. अक्षर पळून चालत न्हाय, ते जाग्यावर उभं पायजे."

ऑफिसात येऊन शालनताईंनी 'ळ' हलवला. अगदी थोडा, नखाएवढा. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. फरक होता. तो काय होता, हे मला सांगता आलं नसतं, पण होता.

तात्या गवळ्यांची गोष्ट वेगळी. म्हशी भादरण्याचं आणि सजवण्याचं काम ते करत. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवून मिरवतात. अंगावरचे केस कातरून नक्षी काढायची, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्या, डोक्यावर मोरपिसं. त्या आधीचे पंधरा दिवस तात्यांना जेवायला फुरसत नसे, आणि नेमके तेच पंधरा दिवस शालनताई त्यांच्या गोठ्यात जाऊन बादलीवर बसायच्या.

कुरुंदवाडचे एक चटणीवाले आमचे ग्राहक होते. त्यांच्या कांदा-लसूण चटणीसाठी शालनताईंनी पाकीट केलं ते काळं. सगळं काळं, त्यावर एकच पिवळी जाड रेघ आणि तांबड्यात नाव. चटणीवाल्यांनी ते बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, हे सुतकाचं वाटतंय."

"पाडव्याला कोल्हापुरात या."

"कशाला?"

"म्हस बघाय."

माणूस आला. बहुतेक शालनताईंच्या आवाजाला घाबरून आला. मला हे सगळं नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. गर्दीत शालनताईंनी त्यांना एका दुकानाच्या पायरीवर उभं केलं. हलगी वाजत होती, पोरं ओरडत होती. तेवढ्यात तात्यांनी नटवलेली एक म्हैस आली. तेल लावून चकचकीत काळी केलेली, आणि दोन्ही शिंगं पिवळीधमक. दुसरा रंग नाही. तिच्या पुढंमागं गुलाबी, हिरव्या, झिरमिळ्या लावलेल्या कितीतरी म्हशी होत्या. पण लोक फोन वर करून फोटो काढत होते ते हिचे.

चटणीवाले म्हैस वळेपर्यंत तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बास. कळलं." आणि जरा वेळाने, "पण बाई, म्हशीवरनं घेतलंय, हे आमच्या म्हाताऱ्याला सांगू नका." ते काळं पाकीट आजही चालू आहे.

हे सगळं मला आवडत होतं. तरी फेरी बंद करण्यात माझाच हात होता, हेही लिहायला हवं.

एका वर्षी दिवाळीआधी कामं फार आली. आमचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी मला आत बोलावून आखणी मागितली. मी कागद पुढे ठेवला. त्यांचं बोट गुरुवारच्या कोऱ्या रकान्यावर येऊन थांबलं.

"हा अर्धा दिवस मिळाला तर?"

"तर दर आठवड्याला एक काम जास्तीचं निघेल," मी म्हणाले. खरं तेच म्हणाले. मी ते आधीच काढून ठेवलं होतं.

भाऊंनी शालनताईंना बोलावलं. सीझनपुरती फेरी थांबवा, असं सांगितलं. आवाज चढेल म्हणून मी दाराजवळ उभी होते. पण त्या हळूच बोलल्या. "भाऊ, मला निस्तं माऊस हलवाय येत न्हाय. मी जे करतो, ते बाहेर बघून करतो. गुरुवार गेला, तर माझं काय ऱ्हायलं?"

"ताई, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. आणि मग बघू, लागतंय का ते."

त्या 'मग बघू'चा अर्थ आम्हा तिघांनाही कळला. दोन महिने फेरीशिवाय नीट गेले, तर ती कायमची गेली. शालनताई जागेवर जाऊन बसल्या. पुढच्या गुरुवारी मी त्यांच्या रकान्यात दोन कामं लिहिली.

सलग पाच गुरुवार त्या ऑफिसात होत्या. कामं वेळेत निघाली. माझी यादी इतकी स्वच्छ कधीच नव्हती. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. तक्रार त्यांनी केली नाही. फक्त आवाज खाली आला. एकदा डॉक्टरांच्या कंपाउंडरने जिन्यात मला विचारलं, "त्या बाई सोडून गेल्या काय?" आणि शुक्रवारी डब्यात वांगी नव्हती. मी सलग तीन खोक्यांची डिझाइनं समोर मांडली, तेव्हा लक्षात आलं, की तिन्ही चांगली होती आणि तिन्ही एकाच आईची होती.

"आटत चाललोय गं," त्या म्हणाल्या. मी यादीवर पुढची खूण केली. मला पुढच्या कामाची तारीख दिसत होती.

त्यातलं एक काम मुरगूडच्या एका महिला बचत गटाचं होतं. दिवाळीच्या फराळाचं खोकं. गटातल्या बायका पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने माल विकणार होत्या. शालनताईंनी त्यासाठी हौसाबाईंची पावलं घेतली होती.

हौसाबाई गडमुडशिंगीच्या. दोन म्हशी, थोडी शेती. रोज सकाळी अंगणात रांगोळी, आणि सणाला पांढऱ्या ओल्या पिठात मूठ बुडवून दारापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं. त्यांची पावलं सगळ्यांसारखी नसत. एक पाऊल जरा पुढे पडलेलं, अंगठा दाबलेला, बाई लगबगीने चालल्यासारखं. "माजी लक्ष्मी घाईत असत्या," त्या म्हणायच्या. "तिला अजून गल्लीभर जायचं असतंय." शालनताईंनी त्याचे फोटो आदल्या वर्षीच काढून ठेवले होते, आणि खोक्याच्या पुढच्या बाजूवर ती पावलं वर चढत झाकणातून आत जाणार होती. कल्पना फार सुंदर होती.

मी माझ्या यादीने छापील नमुना तपासला. नाव, वजन, पदार्थ, पत्ता, परवान्याचा क्रमांक, तारखेला जागा. सगळं बरोबर. सही केली. उद्यमनगरच्या छापखान्यात काम गेलं. गुरुवारी अकरा वाजता मशीन लागणार होतं.

त्या गुरुवारी पावणेअकराच्या सुमारास हौसाबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, हातात स्टीलचा डबा. जिन्याने दम लागला होता.

"शालनबाई हायत का? पाच गुरुवार झाले, आल्या न्हाईत. म्हटलं आजारी हायत का काय बगावं. खरवस आणलाय."

शालनताई उठल्या. पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा खरा आवाज निघाला. "अगं ये की. आत ये. बस. तुझी पावलं दाखवतो तुला." नमुन्याचा मोठा कागद टेबलावर होता, सपाट. तसा कागद हौसाबाईंना दाखवणं त्यांना जमलं नसतं; माणसाला वस्तू दाखवायची, कागद नाही. त्यांनी कात्री घेतली, खोकं कापलं, घड्या घातल्या, जोडलं आणि हौसाबाईंच्या हातात दिलं.

हौसाबाईंनी खोकं मांडीवर ठेवलं. पावलांवरून बोट फिरवलं. परत फिरवलं. मग शालनताईंकडे बघितलं.

"शालनबाई, लक्ष्मी निघाली कुठं?"

आम्ही वाकून बघितलं. पावलं झाकणाकडे जात नव्हती. झाकणातून बाहेर पडून, पुढच्या बाजूने उतरून, खाली टेबलाकडे चालली होती.

झालं होतं ते साधं होतं. सपाट कागदावर खोक्याची पुढची बाजू सगळ्यात खाली असते, आणि जोडताना ती उलटी वर येते. अक्षरं शालनताईंनी आधीच उलटी करून ठेवली होती, कारण अक्षर उलटं राहिलं तर कोणालाही दिसतं. पावलं मात्र पडद्यावर खालून वर चाललेली छान दिसत होती, म्हणून तशीच राहिली. खोकं जोडून बघितलं असतं, तर एका क्षणात कळलं असतं. पण खोकं त्या जोडायच्या ती पॅसेजमध्ये बघून फेरीवर न्यायला. पाच गुरुवार फेरी नव्हती, तिच्याबरोबर पॅसेजमध्ये खोकं मांडून बघणंही सुटलं, आणि पाच आठवडे कात्रीही ड्रॉवरमध्येच होती.

दिवाळीच्या फराळाच्या खोक्यावर घराबाहेर निघालेली लक्ष्मी. मुरगूडच्या त्या बायकांचं पहिलं काम, आणि एकाही घरात कोणी ते घेतलं नसतं.

छापखान्याचा फोन कोणी उचलेना. मशीन चालू असलं की तिथे कोणी उचलत नाही. शालनताईंनी किल्ली घेतली. "यादीबाई, तू रिक्षानं ये. हौसा, बस मागं."

"मी? गाडीवर?"

"मग काय लक्ष्मी रिक्षानं आणायची?"

मी रिक्षाने पोचले, तेव्हा मशीन थांबलेलं होतं. मशीनमन भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्यासमोर हौसाबाई कमरेवर हात ठेवून त्याला विचारत होत्या, "तुज्या घरात दिवाळी करत न्हाईत काय रं? पावलं कळत न्हाईत?" बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती. थोडे कागद छापून झाले होते, हातभर उंचीचा गठ्ठा. तेवढ्यावर निभावलं. प्लेट बदलली, दुपारनंतर पुन्हा काम लागलं.

तिथेच बाकावर बसून आम्ही तिघींनी खरवस खाल्ला. झाकणात, चमच्याशिवाय. मी म्हणाले, "ताई, सही माझी होती. आणि गुरुवारी ती कामंही मीच लिहिली."

"चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "पावलं हिची. हिला दाखवल्याशिवाय मी दिलीच कशी? तुझ्या यादीत ते नव्हतं, पण माझ्या यादीत हाय की." मग हौसाबाईंकडे वळून, "आता खोक्यावर तुझं नाव टाकतो. कडेला, बारीक."

"नाव कशाला?" हौसाबाई म्हणाल्या. थोडा विचार केला. "टाका. पण मग चार खोकी मला द्या. माज्या जावंला दाखवाय."

संध्याकाळी मी भाऊंच्या खोलीत गेले. हातात आखणीचा कागद होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं, तरी मी पुन्हा सांगितलं, क्रमाने. शेवटी मी म्हणाले, "भाऊ, पाच आठवड्यांत पाच कामं जास्तीची निघाली. त्यातली तीन सारखी दिसतात आणि एक उलटं होतं. मी गुरुवार ताईंना परत लिहिलाय."

भाऊंनी कागद बघितला. गुरुवारच्या रकान्यात मी कोरी जागा ठेवली नव्हती. 'फेरी' असं लिहिलं होतं, बाकीच्या कामांसारखंच, आणि पुढे वेळ.

"दीड वाजेपर्यंत?"

"दोन करावे का? मुबारक पेंटर बोलायला लागले, की उशीर होतो."

भाऊ हसले आणि कागद परत दिला. पुढच्या शुक्रवारी डब्यात वांगी होती.

मुरगूडच्या बायका खोकी घ्यायला स्वतः टेम्पो घेऊन आल्या. त्यांच्यातल्या एकीने कडेची बारीक ओळ मोठ्याने वाचली, 'पावलं : हौसाबाई, गडमुडशिंगी', आणि विचारलं, "या कोण?" शालनताई म्हणाल्या, "आमच्या मास्तरीणबाई." त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की खालून डॉक्टर वर आले. त्यांनाही एक खोकं दिलं.

त्यानंतर अडीच वर्षं फेरी चालली. शालनताई निवृत्त व्हायच्या आधीच्या शेवटच्या गुरुवारी मी त्यांच्याबरोबर गेले. चार ठिकाणी निरोप घ्यायचे होते. गुडघे दुखत असल्यामुळे स्कूटर मी चालवली. मंडईत बनूआक्कांनी पैसे घेतले नाहीत, पण "परत येऊ नका असं न्हाय" असं दोनदा म्हणाल्या. मुबारक पेंटरनी जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर 'शालन' लिहून ठेवलं होतं. ताईंनी 'ल' आणि 'न'च्या मधे अंगठा ठेवून बघितला आणि पत्रा पिशवीत जपून ठेवला. तात्या म्हशी धूत होते. त्यांनी ओला हातच वर केला.

शेवटी गडमुडशिंगी. हौसाबाईंचं अंगण सारवलेलं होतं. चहा झाला. मला चार वाजता ऑफिसात मीटिंग होती, म्हणून मी घड्याळ बघत होते. हौसाबाईंनी आतून पिठाची वाटी आणली आणि शालनताईंसमोर ठेवली.

"इतकी वर्सं बगून गेलासा. आता नोकरी न्हाय. बसा खाली."

शालनताईंनी माझ्याकडे बघितलं. मग पाटावर बसल्या, गुडघा एका बाजूला काढून. बांगड्या वर सरकवल्या, मूठ पिठात बुडवली आणि जमिनीवर टेकवली. मूठ उचलली, तर खाली पांढरा गोळा.

हौसाबाई वाकून बघत म्हणाल्या, "हे लक्ष्मीचं न्हाय. हत्ती आलाय दारात." आणि ओल्या फडक्याने पुसून टाकलं. "परत."

दुसरं तिरकं आलं. पुसलं. तिसऱ्याला बोटं चिकटली. पुसलं. शालनताई हसत होत्या, अंग हलेपर्यंत, आणि कोपरापर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. मी स्कूटर दाराबाहेर काढली, हॉर्न वाजवावा का, असा विचार केला आणि वाजवला नाही. त्यांना तिथेच ठेवून मी निघाले. संध्याकाळी त्यांचा भाचा न्यायला येणार होता.

फाटकातून वळताना एकदा मागे बघितलं. हौसाबाई त्यांच्या डोक्यावर उभ्या होत्या.

"मूठ आवळू नका. ढिली सोडा."

आणि कोल्हापूरभर सगळ्यांना हे मागं घे, ते पुढं घे, असं सांगत फिरलेल्या शालनताई मान खाली घालून, ढिली मूठ वाटीत बुडवत म्हणत होत्या, "व्हय, बाई. अशी?"